जोडीचा बार

त्या हिवाळ्यात फेल्टेन डीफेनला कुणी विचारलं, कसं काय, तर तो 'चाललंय' म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. गाय वेळेवर पिळली जात होती. चूल पेटत होती. गढीवर पहाऱ्याची पाळी आली की तो बंदूक खांद्याला लावून जात होता आणि पाळी संपली की परत येत होता. फक्त या सगळ्यात तो स्वतः कुठे नव्हता. भूक लागायची नाही, म्हणून दुपार झाली की जेवायचं असा त्यानं नियम करून घेतला होता. मुलाची बातमी आली त्या दिवशीही त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. शेजारचा बार्थेल तेव्हा चारचौघांत म्हणाला, "माणूस खमका आहे." बार्थेलला माणसातलं काही कळत नाही, हे साऱ्या मोहॉक खोऱ्याला माहीत आहे.

तरुणपणी फेल्टेन ऱ्हाइनकाठचं गाव सोडून बायकोला घेऊन जहाजात बसला होता. गावाकडे सरदाराच्या हरणांनी उभं शेत फस्त केलं तरी हरणाला खडा मारायची सोय नव्हती. इकडे अमेरिकेत जमीन मिळते असं ऐकलं होतं, आणि आल्यावर मिळालं ते जंगल. झाडांच्या खोडांची साल गोल सोलायची, झाड उभ्याउभ्या वाळू द्यायचं, तोवर मुळांच्या मधून मका लावायचा, मग झाड पाडायचं, जाळायचं आणि खुंट काढण्यात उरलेला जन्म घालवायचा, अशी इथली शेती. पहिला हिवाळा त्यानं आणि प्लोनीनं ओंडक्यांच्या एका खोलीत काढला. दाराच्या जागी घोंगडी होती. ओटिलिया, घरातली टिला, त्याच खोलीत झाली, नंतर योस्ट झाला. दार बसलं, छपरावर फळ्या आल्या, गोठा झाला, आणि सगळं बस्तान बसलं तेव्हा प्लोनी तापाचं निमित्त होऊन गेली. तिच्या मागे फेल्टेन आणि योस्ट दोघेच त्या घरात राहत. ओटिलिया ओढ्यापलीकडे, हार्टमन वाइसच्या घरी दिलेली होती.

मग इंग्लंडच्या राजाशी बिनसलं. खोऱ्यातली निम्मी माणसं राजाविरुद्ध उठलेल्या काँग्रेसच्या बाजूनं इथंच राहिली. निम्मी राजाची म्हणून उत्तरेला कॅनडात गेली, आणि तीच पुढे इथल्या मूळच्या मोहॉक नि सेनेका लोकांच्या टोळ्यांबरोबर येऊन आमची कोठारं जाळू लागली. मोहॉकांचा राग मला तरी समजतो. त्यांची शिकारीची रानं आमच्या नांगराखाली गेली होती. पण ज्यांच्या पोरांच्या बारशाला आपण जेवलो, ते आपल्याच गंजीला पलिता लावायला येतात, हे पचायला जड होतं. सोळा ते साठच्या मधल्या ज्याला म्हणून बंदूक उचलता येत होती, त्याचं नाव आमच्या पथकात होतं. फेल्टेनचं होतं, योस्टचं होतं, जावयाचंही होतं.

ऑगस्टात पथक नदीच्या वरच्या अंगाला गेलं आणि एका घळीत टोळ्यांच्या कचाट्यात सापडलं. फेल्टेन त्या वेळी गढीवर ठेवलेल्यांत होता. योस्ट आणि हार्टमन बरोबर गेले. हार्टमन एकटा परत आला. चर्चच्या अंगणात सगळी माणसं जमलेली असताना तो फेल्टेनसमोर येऊन उभा राहिला. त्याच्या दोन्ही खांद्यांवर बंदुका होत्या. एक त्याची आणि एक योस्टची. फेल्टेननं दोन्हींकडे पाहिलं आणि म्हणाला,

"बंदूक तेवढी आणलीस."

आवाज चढवून नाही, शिवी देऊन नाही. हार्टमननं योस्टची बंदूक भिंतीला टेकवून ठेवली आणि तो निघून गेला. त्या दिवसापासून सासऱ्या-जावयाचं बोलणं बंद होतं.

नाताळच्या आधी ओटिलिया बर्फातून एकटीच आली. आल्या आल्या तिनं झाडू हातात घेतला. बापाच्या घरी आलं की ती आधी झाडते आणि मग बोलते.

"गाय आटली का बाबा?"

"आटत आलीय."

"आमच्याकडे दोन दुभत्या आहेत. एक घेऊन जा."

"त्यानं सांगितलं?"

"मी सांगतेय."

"मग नको."

ती केर चुलीशी ओढत राहिली. जरा वेळानं म्हणाली, "ऑगस्टपासून आमच्या उंबऱ्याला पाय लावला नाहीत तुम्ही. ट्रूडी विचारते, आजोबा मेले का."

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, नाही गं, पण त्यांचा विचार चाललाय."

एरवी फेल्टेन हसला असता. हसण्यासारखं आहे हे त्याला समजलंसुद्धा. ओटिलियानं झाडू ठेवला आणि ती त्याच्यासमोर बाकावर बसली.

"हे घरात बोलत नाहीत बाबा. योस्टचं नाव काढलं की गोठ्यात जातात, आणि गोठ्यात काम काही नसतं. इथं येऊन माफी मागायची, तर जिवावर येतं त्यांच्या."

"कशाची माफी मागणार तो?"

"ते तुम्ही सांगा. तुम्ही एवढे रुसून बसलात, कशाची मागायची ते तुम्हालाच ठाऊक असणार."

फेल्टेननं चुलीत लाकूड सारलं. खरं तर त्यालाही ठाऊक नव्हतं.

"हे बघा," ओटिलिया म्हणाली, "नवीन वर्षाला मी यांना बार काढायला लावते. तुमच्या घराच्या दिशेनं. तुम्ही उलट द्या. बाकी मी काही मागत नाही."

ही रीत आमच्या बापजाद्यांनी ऱ्हाइनकाठाहून आणली. वर्षाच्या पहिल्या पहाटे ज्याचं भलं चिंतायचं त्याच्या घराच्या दिशेनं, गोळी न घालता, नुसत्या दारूचा बार काढायचा. त्यानं उलट बार दिला की शुभेच्छा पोचल्या. आणि ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्याला बार काढला आणि त्यानं उलट दिला, तर भांडण मिटलं. कुणाचं चुकलं, काय चुकलं, अवाक्षर काढायचं नाही. बोलण्यापेक्षा बंदूक उडवणं ज्यांना सोपं जातं, अशा माणसांना ही रीत फार सोयीची.

"बघू," फेल्टेन म्हणाला.

त्या घरात 'बघू' म्हणजे 'हो', हे ओटिलियाला लहानपणापासून ठाऊक होतं. तिनं शाल गुंडाळली आणि ती गेली.

नाताळनंतरच्या रविवारी प्रार्थना आटोपल्यावर कॅप्टन क्रेम्सनं सगळ्या पथकाला गढीच्या अंगणात उभं केलं. क्रेम्स एरवी पिठाची गिरणी चालवायचा. गिरणीच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची त्याला सवय होती, तसाच तो इथंही बोलायचा.

"ऐका. आडबाजूला जी सुटी सुटी घरं आहेत त्यांच्या मी जोड्या लावतोय. त्यांचे बार इथं गढीपर्यंत ऐकू येत नाहीत, म्हणून एकमेकांना सांभाळायचं. घरावर टोळी आली, एक बार काढायचा. जोडीदारानं ऐकला की त्यानं एक बार उलट द्यायचा. उलट बार आला म्हणजे काय? ऐकलं, निघालो, दार सोडू नका. आणि नाही आला, तर घरादाराचा मोह धरायचा नाही. पोरंबाळं घेऊन मागच्या दारानं रानात पळायचं. टाळक्यात शिरलं का?"

शिरलं, असं सगळे म्हणाले.

"म्हणून यंदा नवीन वर्षाचे बार बंद. एकसुद्धा नाही."

त्यावर मात्र कुजबुज झाली. बार्थेल मागून म्हणाला, "अहो कॅप्टन, मग वर्ष बदलायचं कसं?"

"आपोआप बदलतं बार्थेल. तू घोरत पडलास तरी बदलतं."

माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, या दिवसांत बर्फात पावलं उमटतात, अशा वेळी मरायला कोण येतंय. क्रेम्सनं तिकडे लक्ष दिलं नाही आणि जोड्या सांगायला लागला. "वाइस आणि डीफेन," असं म्हटल्यावर तो थांबला. ओढ्याकाठी दुसरं घर नव्हतं, त्याचाही नाइलाज होता.

"चालेल ना फेल्टेनकाका?"

"मला काय."

"हार्टमन?"

"चालेल," हार्टमन म्हणाला आणि त्यानं ऑगस्टनंतर पहिल्यांदा मान वळवून सासऱ्याकडे सरळ पाहिलं. त्याच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. मग त्यानं बाहीला नाक पुसलं आणि नजर काढून घेतली.

फेल्टेन घरी येईपर्यंत त्या हललेल्या कोपऱ्याचा विचार करत होता. हार्टमन वाइसला हुकूम दिला की त्याला खाज सुटते, हे खोऱ्यात सगळ्यांना माहीत होतं. चर्चच्या वेळी कबुतरं मारू नका म्हटलं तर हा चर्चच्याच वेळी मारायचा. गढीत चिलीम ओढू नका म्हटलं तर दारूगोळ्याच्या खोलीच्या दाराशी उभा राहून ओढायचा. एकदा क्रेम्सनं त्याला त्यापायी दिवसभर खड्डे खणायला लावले होते. असला माणूस नवीन वर्षाचा बार सोडणार? बायकोनं सांगितल्यावर तर नाहीच. तो हसला ते त्यासाठीच, फेल्टेननं मनाशी ठरवून टाकलं. म्हातारबुवा, हुकूम हुकमाच्या जागी, असं त्याला म्हणायचं होतं.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी फेल्टेननं कणीक मळली. पीठ जुनं होतंय, वाया जाईल, असं तो स्वतःला सांगत होता. गव्हाचं ते पीठ प्लोनीच्या डब्यात सणासाठी म्हणून राहिलेलं होतं, आणि ते बिलकुल जुनं झालेलं नव्हतं. प्लोनी कणकेच्या तीन वळ्या करून वेणी घालायची आणि वेणीची टोकं जुळवून मोठं कडं करायची. भाजलेलं कडं आजोबानं नातवंडाच्या हातात अडकवायचं असतं. कडं दंडापर्यंत गेलं पाहिजे, तरच वर्ष भरल्या हाताचं जातं. फेल्टेनची वेणी एका बाजूला जाड झाली, एका बाजूला बारीक, आणि बारीक बाजू करपली. त्यानं ते कडं फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलं. मग योस्टची बंदूक खुंटीवरून काढली, पुसली, दारू भरली, वर कागदाचा बोळा ठासला. गोळी घातली नाही. पुन्हा खुंटीवर ठेवताना त्याला वाटलं, ही उडवायची तर तो हिला ओळखेल. स्वतः खांद्यावरून आणलीय त्यानं.

पहाटे तो नेहमीपेक्षा लवकर उठला. धार काढली. घरात येऊन खिडकीचं झडप बोटभर उघडलं आणि बाकावर बसला. थंडी आत येत होती, ती येऊ दिली. बंदूक मांडीवर होती. ओढ्यापलीकडचं रान आधी काळं होतं, मग करडं झालं. काहीच होईना तेव्हा तो मनात म्हणाला, नाही काढत तर नाही, माझं काय अडलंय. पण तो उठला नाही.

आणि बार झाला.

ओढ्यापलीकडून, हार्टमनच्या घराकडूनच. आवाज जरा कोरडा वाटला. नुसत्या दारूचा बार कसा घुमतो, हा तसा घुमला नाही, लाकूड मोडावं तसा कडकन वाजला. फेल्टेनला ते जाणवलं. जन्मभर बंदूक वापरलेल्या माणसाला ते जाणवणारच. हा दारू जपून वापरतोय, कंजूस लेकाचा, असं त्याच्या मनात आलं आणि तेवढ्यावर तो विषय त्यानं संपवला. तोवर तो दाराबाहेर गेलासुद्धा होता. शर्टावरच, टोपी न घालता. त्यानं योस्टची बंदूक ओढ्याच्या दिशेनं वर धरली आणि चाप ओढला.

बार चांगला दणदणीत झाला. गोठ्याच्या छपरावरचा बर्फ घसरून खाली पडला. फेल्टेन धुरात उभा राहिला आणि त्याच्या पोटात काहीतरी कळवळलं. काय होतंय ते त्याला पटकन समजेना. त्याला भूक लागली होती.

त्यानं चुलीशी बसून डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा आणि कालचा पाव खाल्ला, दूध प्यायलं, पुन्हा पाव खाल्ला. पलीकडून आणखी बार ऐकू आले. एक, जरा वेळानं दुसरा, मग लागोपाठ काही. "पुरे रे," फेल्टेन तोंड भरलेलं असताना मोठ्यानं म्हणाला, "दारू काय सासऱ्यानं आंदण दिलीय?" त्या घरात मोठ्यानं बोललेलं त्याचं त्यालाच चमत्कारिक वाटलं. मग त्यानं पाणी तापवलं आणि दाढी केली. कितीतरी दिवसांची वाढलेली होती, घाई करून चालण्यासारखं नव्हतं. पेटीतून चर्चला जायचा निळा कोट काढला. कोटाला प्लोनीनं लावलेल्या वाळक्या लव्हेंडरचा वास येत होता. बंदूक त्यानं खुंटीला अडकवली. बार दिला-घेतला की सोयऱ्याच्या दारात बंदूक घेऊन जायचं नसतं, नाहीतर मिटलेलं पुन्हा उघडतं. कडं त्यानं फडक्यातून काढून डाव्या दंडात घातलं आणि तो निघाला.

उजेड झाला होता. बर्फाखाली खुंट झाकून गेले होते, आणि वर्षानुवर्षं त्याची पाठ मोडणारी ती जमीन गुळगुळीत दिसत होती. चालता चालता तो मनात जुळवाजुळव करत होता. रीतीप्रमाणं काही बोलायचं नाहीच, पण गायीचं काढता येईल. म्हणता येईल, टिला म्हणत होती, दोन दुभत्या आहेत. तो म्हणेल, घेऊन जा. तेवढं पुरे. ट्रूडी कडं हातात घालून घरभर नाचेल, आणि करपलेलं बघून टिला नाक मुरडेल. झाडांच्या वर धूर दिसत होता. सणाची भट्टी लागलीय, त्याला वाटलं. धूर चांगलाच जाड होता.

ओढ्याशी उतरल्यावर त्याला पावलं दिसली. ओढ्याच्या गोठलेल्या पात्रावरून, बर्फावर चालायच्या जाळीदार खडावांचे ठसे, एकामागून एक, खूप. हार्टमनच्या घराकडे गेलेले. आणि बाजूनं दुसरे, घराकडून उत्तरेला गेलेले, त्यांच्या मधून गुरांचे खूर.

फेल्टेन तिथं उभा राहिला. त्याला तिथंच सगळं कळलं. पहिला बार कोरडा का होता ते कळलं, नंतरचे बार कुणाचे ते कळलं, आणि स्वतःच्या बाराचा अर्थ काय होता तेही कळलं. तो पळाला नाही. पळायला पाहिजे हे त्याला समजत होतं, पण पाय आधीच्याच चालीनं, पाहुण्याच्या चालीनं, चढण चढले.

गोठा जळून खाली बसला होता. घर उभं होतं. छपरावर बर्फ जाड होता म्हणून आग लागली नसावी, किंवा तेवढा वेळ कुणाला नव्हता. दार एका बिजागरीवर लोंबत होतं आणि उंबऱ्यात हार्टमन पालथा पडला होता, डोकं घराबाहेर, पाय घरात. त्याच्या हातात कुऱ्हाड होती. बंदूक नव्हती, ती नेली होती. फेल्टेन त्याला ओलांडून आत गेला. आत टेबल उलथलेलं होतं आणि सगळीकडे गादीतली पिसं होती.

"टिला," तो म्हणाला.

चुलीपुढची फळी हलली. खाली भाज्या साठवायचा खड्डा होता. त्यातून आधी ट्रूडी वर आली, मग ओटिलिया. दोघींच्या केसांत माती होती. ओटिलियानं उंबऱ्याकडे पाहिलं. तिनं आधीही पाहिलेलं असावं, कारण ती ओरडली नाही. तिनं पोरीचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि ती खाली बसली.

"गेले का?" तिनं विचारलं.

"गेले."

"आम्ही निघालोच होतो बाबा." ती नीट, सावकाश बोलत होती, कुणाला तरी रस्ता सांगावा तशी. "यांनी त्यांना झाडीत पाहिलं. गोळी घातली. मी हिला पाठीशी बांधलं, मागचं दार उघडलं. हे म्हणाले, चल. अर्धा पाय बाहेर होता माझा. आणि तुमचा बार आला."

फेल्टेननं मागच्या दाराकडे पाहिलं.

"हे म्हणाले, थांब. बाबा येताहेत. उलट बार आला म्हणजे दार सोडायचं नाही. म्हणाले, तू खाली जा, मी धरतो दार, इथून इथं तर यायचंय त्यांना." तिनं कपाळावरची माती पुसली. "मी म्हटलं, तुम्हाला कसं ठाऊक, त्यांनी नवीन वर्षाचा म्हणून दिला असेल. मीच त्यांना सांगून आले होते ना. तर हे म्हणाले, यंदा बंद आहेत बार. हुकूम सगळ्यांनी ऐकलाय. बाबांनी आजवर कधी हुकूम मोडलेला नाही."

बाहेर गोठ्याचं कुठलं तरी लाकूड मोडून पडलं.

"ते काढणार नव्हते बार," ती म्हणाली. "कॅप्टननं सांगितल्यापासून माझ्याशी वाद चालला होता त्यांचा. म्हणाले, घळीतून आल्यापासून मी हुकूम मोडायचं सोडलंय. धार काढून झाली की मी स्वतः जातो बाबांकडे, तोंडानं सांगतो. योस्टला कुठं ठेवलं ते सांगतो. त्यांनी योस्टला झाडाखाली ठेवलं होतं बाबा, वर दगड रचून. तेवढं सांगायचं होतं त्यांना."

मग ती बोलायची थांबली. आत्तापर्यंत ती बापाकडे पाहत होती, पण तिला तो दिसत नव्हता. आता दिसायला लागला. तिची नजर त्याच्या गुळगुळीत गालांवर गेली, हनुवटीशी वस्तऱ्यानं झालेल्या बारक्या जखमेवर गेली, निळ्या कोटावर गेली. त्याच्या खांद्याकडे गेली आणि तिथं थांबली. मग दंडाकडे.

"बंदूक कुठाय बाबा?"

"घरी."

तिला समजलं. तिचा चेहरा बदलला नाही. ऑगस्टात चर्चच्या अंगणात फेल्टेनचाही बदलला नव्हता. ती त्याचीच मुलगी होती.

"पाव तेवढा आणलात," ती म्हणाली.

ट्रूडी भिंतीकडे तोंड करून उभी होती. पाव म्हटल्यावर ती वळली. "आजोबा, मला भूक लागलीय," ती म्हणाली. फेल्टेननं दंडातून कडं काढायला घेतलं, पण कोटाच्या जाड बाहीवर ते घट्ट बसलं होतं, आणि त्याची बोटं गारठली होती. ओटिलिया उठली. तिनं त्याचा हात धरला, कडं ओढून काढलं, करपलेली बाजू मोडून चुलीत टाकली आणि उरलेलं पोरीच्या हातात दिलं. मग ती दाराशी गेली आणि हार्टमनचे खांदे धरून वाकली.

"पाय धरा," ती म्हणाली.

फेल्टेननं पाय धरले.